रुबिएलाबाईंचा उतार

रुबिएलाबाईंच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा होता. आर्सेसिओ गवंड्याने तो बांधला, आणि दारात चांगला चार बोटं उंच उंबराही घातला. मेदेयीन शहराच्या त्या डोंगरावर पावसाचं पाणी सरळ घरात शिरतं, म्हणून दाराला उंबरा हवाच. जन्मभर पायऱ्या नि उंबरे घालणाऱ्या गवंड्याचा हात डोक्याला विचारायला थांबत नाही.

बांधकामाच्या रविवारी वस्तीतल्या सगळ्यांनी वाळूच्या गोण्या हातोहात वर आणल्या, गल्लीतच सांकोचोचं, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याचं, पातेलं रटरटलं. उंबरा कुणालाच खटकला नाही. सगळेच डोंगरातले, पायऱ्या-उंबऱ्यांना सरावलेले.

काँक्रीट वाळलं तशा बाई चाकाची खुर्ची ढकलत निघाल्या आणि दारातच अडकल्या. पाय गेल्यापासून त्या आर्सेसिओच्या पाठीवरून पायऱ्या उतरत. आता गल्लीच्या टोकाला रोपवेचं स्टेशन झालं होतं, आणि बाईंचा हट्ट एकच: बहिणीकडे जाईन तर कुणाच्या पाठीवर न बसता.

"आर्सेसिओ, तुला माझ्या ओझ्याची सवय लागली की रे. सोडवत नाही वाटतं."

"उचलतो ना, रुबिएलाबाई. एवढ्यापुरतं."

"एवढ्यापुरतं म्हणता म्हणता तुझी कंबर गेली."

शेजारणी तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे उघडच हसल्या. आर्सेसिओ घरी गेला, छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि आपलाच गुळगुळीत उंबरा फोडून काढला.

बाई निघाल्या. तो मागून, हात पुढे धरून, जणू बाळ पहिली पावलं टाकतंय. पण खुर्ची संथ उतरली नि वळणाशी वळली. ज्या बाईला सगळ्यांनी फक्त पाठीवर पाहिलं होतं, ती स्वतःच्या हातांनी चालली होती. स्टेशनात रोपवेचा पाळणा जमिनीला लागून हळू झाला. बाई आत सरकल्या नि म्हणाल्या, "येतोस का? आज मी नेते."

आर्सेसिओ शेजारी बसला नि पाळणा वर उचलला गेला. खाली डोंगरभर त्याने घातलेल्या पायऱ्या उलगडल्या. गुडघ्यांनी ओळखलेल्या त्या पायऱ्या त्याने अशा अखंड कधी पाहिल्याच नव्हत्या. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एवढ्या तू बांधल्यास?" बाईंनी हळूच विचारलं.

टोपी पुन्हा डोक्यावर चढवत तो म्हणाला, "उंबरा गेला, पाणी शिरेल आता. दारापुढे चर खणून वर जाळी बसवतो, खुर्ची जाईल अशी."

त्यानंतर पाऊस कैकदा येऊन गेला. बाई दाराशी वाळूची पोती लावतात, आणि जाळी अजून यायचीच आहे.