उजवीकडून तिसरं फूल

जुन्या न्यायालयाच्या दरवाजावर दगडाची नऊ फुलं आहेत. त्यांतलं उजवीकडून तिसरं चुकीचं आहे, हे अख्ख्या शहरात फक्त पाथरवटाला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. कारण ते त्यानंच घडवलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी तिथलं मूळ फूल निखळून पायरीवर पडलं. पाथरवटानं ते मांडीवर घेऊन पाकळ्या मोजल्या. पाच भरल्या. मग त्यानं पाच पाकळ्यांचं नवं फूल घडवलं, वर चढवलं, चुन्यात पक्कं केलं आणि सहज शेजारच्या फुलावरून बोट फिरवलं. सहा. पुन्हा फिरवलं, तरी सहाच. ऊनपावसानं झिजून दोन पाकळ्या एकच दिसायच्या, पण मधली खाच बोटाला लागत होती. खाली बसून मोजलं, वर चढून मोजलं नाही. शिकाऊ माणसानंही करू नये अशी ही चूक. मुकादमाच्या धाकानं तेव्हा तो मूग गिळून बसला आणि पुढं बावीस वर्षं त्या दरवाजासमोरून मान खाली घालून गेला.

यंदा डागडुजीला परांची चढली. पाथरवटाचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते; पुन्हा परांची लागेल तेव्हा आपण नसणार, हे त्याला कळत होतं. दोन फुलांचा पार भुगा झाला होता, ती नवी करायची होती. त्यांच्याबरोबर आपलंही बदलून टाकू, एवढ्या एका आशेवर त्यानं काम घेतलं.

डागडुजीवर देखरेख करणारे साहेब आले ते नकाशा घेऊनच. नकाशात फूल पाच पाकळ्यांचं.

"साहेब, फूल सहाचं आहे," पाथरवट म्हणाला.

"मिस्त्री, ते तिसरं बघा. तेवढं एकच मूळ फूल शाबूत राहिलंय. त्यावरूनच काढलाय नकाशा."

"ते मूळ नाही. मी केलंय."

"तशी कुठं नोंद आहे?"

नोंद कुठली असणार? मुकादमानं तोंडी सांगितलं होतं, यानं केलं होतं.

"मग वर चला. बाकीच्यांवरून बोट फिरवून बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"फोटो आहेत माझ्याकडे. खालून सगळं स्पष्ट दिसतं," साहेब म्हणाले आणि तिसऱ्या फुलाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. जाता जाता त्यांनी वर बघितलं. "काय हात होता हो त्या काळच्या कारागिरांचा. आता नाही जमायचं कुणाला."

पाथरवटाच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं लपवलं तेव्हा कुणी हटकलं नाही, आणि खरं बोलायला गेला तर वेड्यात काढलं. कर्कटकानं वर्तुळ काढून तेच माप कडेनं फिरवलं की सहा भाग आपोआप पडतात. पाच पाडायला वेगळा हिशोब मांडावा लागतो. तो दात-ओठ खात मांडला आणि दोन्ही फुलं पाचांची केली.

परांची उतरल्यावर बायको बघायला आली. बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

"अहो, आता तीन सारखी आहेत. तुमचं एकटं वेगळं नाही पडत. सोडा आता."

"अगं, बाकीची सहा फुलं खरी आहेत, ती झिजून जातील," पाथरवट म्हणाला. "राहतील ती ही तीन."