नेहमीची फोडणी

'नेहमीसारखं' या शब्दाचा अर्थ अजिबात न कळणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि त्याचा स्वयंपाक मी सहा वर्षं केला. रोडपालीच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहायचे. मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला मावशी, जरी आमच्या वयात फार तर दहा वर्षांचं अंतर असेल. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, चहा कसा करता? मी खाली बघत म्हटलं, नेहमीसारखा. त्यावर त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "नेहमी म्हणजे कधीपासून, आणि कोणासारखा?" मी घाबरून ओट्याकडे पळाले. ते मागोमाग आले आणि चहाला किती उकळ्या येतात ते बोटांवर मोजत दारात उभे राहिले. खालचा भाजीवाला एकदा त्यांना सहज म्हणाला की नेहमीची जुडी बांधू का, तर बिचाऱ्याचं दुसरं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत ह्यांचे प्रश्न संपले नाहीत. तेव्हापासून दादा दिसले की तो आधी जुडी पिशवीत टाकायचा आणि मगच तोंड उघडायचा.

कामही त्यांना शोभेल असंच होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकचं वजन करायचे मोठे काटे असतात. त्या काट्याच्या डब्यात नखाएवढी चिप असते आणि तिने काय काय करायचं ते दादा लिहून द्यायचे. चिप नखाएवढी, म्हणून दादा अक्षरही तितकंच बारीक काढत असतील, असं मला बरेच दिवस वाटे. जेवताना ते रोज एकाच माणसाची तक्रार करायचे. आज कंपायलरने माझं ऐकलं नाही. आज कंपायलरने माझी विनंती धुडकावली. ऑफिसात कंपायलर नावाचे कोणी अडेलतट्टू साहेब असावेत, अशी माझी समजूत. वर्षभर ऐकून मला दादांची इतकी दया आली की एक दिवस धीर करून मी म्हटलं, "त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा ना. माणूस निवळतो." दादांचा घास हातातच राहिला. पण ते हसले नाहीत. उठले, वाटीत खीर घेतली, कम्प्युटरपुढे नेऊन ठेवली आणि मग मला सगळं समजावून सांगितलं.

कंपायलर म्हणजे दादांचं लिहिणं चिपच्या भाषेत करून देणारा कम्प्युटरमधला दुभाषा. एखादं छोटं काम एकाच जागी लिहून त्याला नाव द्यायचं. मग लागेल तिथे फक्त नाव घ्यायचं की चिप तिकडे जाते, काम करते आणि परत येते. हे जाणं-येणं वाचवायचं असेल तर त्या कामाच्या आधी 'इनलाइन' असा शब्द लिहायचा. म्हणजे हेलपाटा नको, ते सगळं काम इथेच चिकटवून टाक. "पण हा हुकूम नाही मावशी, नुसती विनंती आहे," दादा दुखावल्या आवाजात म्हणाले. "तो वाचतो, विचार करतो आणि त्याला पटेल तेच करतो." कारण सगळंच सगळीकडे चिकटवलं तर लिखाण फुगतं आणि नखाएवढ्या चिपमध्ये मावत नाही. हे दादांना माहीत होतं, पण पटत नव्हतं. ते प्रत्येक कामापुढे तो शब्द लिहायचे. मग सासूने सुनेच्या पातेल्यांवरची झाकणं उचलून पाहावीत तसे दुभाष्याचं काम उघडून बघायचे आणि पडद्याला म्हणायचे, विनंती केली होती ना रे तुला.

खीर मांजराने खाल्ली.

एका सकाळी मी कामावर आले तर ओट्याचा दवाखाना झालेला. दोन्ही शेगड्यांजवळ, पोळपाटाजवळ, बेसिनपाशी आणि फ्रीजवर, प्रत्येक ठिकाणी मीठ, हळद, तिखट, मोहरी आणि हिंग यांची वेगवेगळी बरणी. माझी पावलं त्यांनी मोजली होती म्हणे. मिठासाठी मी फळीपर्यंत दिवसातून किती हेलपाटे घालते, ते त्यांना बघवेना. त्यांनी माझा ओटा इनलाइन केला होता. हेलपाटे वाचले हे खरं, पण पोळी लाटायला जागा उरली नाही आणि पोळपाट मांडीवर घ्यावा लागला. कोणाला नको म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. मी रोज दोन बरण्या गुपचूप फळीवर ठेवत गेले. दहा दिवसांत शेगडीजवळचा एक संच तेवढा राहिला. अकराव्या दिवशी दादांच्या लक्षात आलं. आता रागावतील असं वाटलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. "तुम्ही हुबेहूब त्याच्यासारख्या आहात," ते म्हणाले. "विनंती वाचलीत, विचार केलात आणि बाजूला ठेवलीत." मग बोट वर करून म्हणाले, "फरक एकच. जमत नसेल तिथे सक्ती केली, तर तो एरर देतो. कुठल्या ओळीत काय चुकलं ते तोंडावर सांगतो. तुम्ही कधी सांगणार?" मी पीठ मळत राहिले.

पुढे त्यांना जर्मनीहून बोलावणं आलं. तिथे म्हणे खुद्द कंपायलरचं डोकं घडवतात. कोणाची विनंती ऐकायची आणि कोणाची नाही हे ठरवणाऱ्या माणसांशेजारी बसायला मिळणार, म्हणून दादा आठवडाभर जमिनीवर नव्हते. आडव्या आल्या त्यांच्या आई. त्या उरणकडच्या, नवऱ्याचा जन्म मिठागरावर गेलेला, येताना दर वेळी जाड मिठाची पिशवी घेऊन यायच्या. मी एकदा आठ दिवस गावी गेले होते तेव्हा दादा नुसत्या चहा-टोस्टवर राहिले होते आणि जिन्यात चक्कर येऊन पडले होते. ते आई विसरल्या नव्हत्या. फोनवर त्यांनी एकच सांगितलं, "तिथं पडलास तं कोन उचलंल? आदी रांदून दाव, मंग जा." येत्या रविवारी त्या जेवायला येणार होत्या आणि स्वयंपाक दादांनी एकट्याने करायचा होता. जमला तर जर्मनी, नाहीतर कळंबोलीचा काटा.

दादांनी मला शंभर पानी वही आणून दिली. चौथीनंतर सहीपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं, तरी बसून चौदा पदार्थ लिहिले. त्यांनी लगेच आमटी करून पाहिली. मी संध्याकाळी गेले तर पातेल्यात नुसती शिजलेली डाळ आणि शेजारी वही पालथी घातलेली. मी लिहिलं होतं, मग नेहमीची फोडणी द्यावी. दादा म्हणाले, "चौदा ठिकाणी तिचं नाव आहे मावशी, पण ती स्वतः कुठेच लिहिलेली नाही. मी दोन वेळा शोधली."

मी वही घरी नेली आणि सगळं पुन्हा लिहिलं. प्रत्येक पानावर, तेल किती, मोहरी कधी, तडतडल्यावर हिंग, मग हळद, चौदा वेळा. दादांनी पानं चाळली आणि म्हणाले की एकदाच लिहून पानाचा आकडा दिला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, तेलाच्या हाताने पानं कोण उलटणार? त्यांनी एकेका पानावरच्या फोडणीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "तुम्ही इनलाइन केलंत. न सांगता."

रविवारी आई आल्या आणि मिठाची पिशवी पायाशी ठेवून स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसल्या. मला दारातून आत पाऊल टाकायची बंदी. दादा ओळीवर बोट ठेवून रांधत होते. भात उतरला, भेंडी झाली, फोडणी अशी तडतडली की मला भरून आलं. शेवटी ते चौदाव्या पानावरची आमटी करायला लागले. डाळ, पाणी, आमसूल, गूळ, फोडणी, उकळी, कोथिंबीर. आणि गॅस बंद. तेव्हा कुठे मला आठवलं. तेरा फोडण्या लिहून हात भरून आला होता आणि चौदाव्या पानावर मी मीठच लिहिलं नव्हतं. ताट वाढलं गेलं. गप्प राहिले असते तर चूक दादांची ठरली असती आणि जर्मनी तिथेच संपली असती. आईंनी वाटी उचलली.

"थांबा," मी म्हटलं. "आमटीत मीठ नाही. चौदावं पान, उकळीच्या आधीची ओळ. मी लिहायला विसरले."

दादांना आमटीचं काहीच वाटलं नाही. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू काट्यावर ट्रक चढला आणि काट्याने बरोब्बर वजन दाखवलं. "एरर दिली," ते म्हणाले. "आई, मावशींनी एरर दिली."

आईंनी तरीही घोट घेतलाच. "मिठागरवाल्याचा पोर," त्या म्हणाल्या, "नं आमटी अलनी." मग मला जवळ बोलावून ते पान मोठ्याने वाचायला लावलं. त्यात मीठ खरंच नव्हतं. त्यांनी पायाजवळच्या पिशवीतून चिमूटभर मीठ काढलं, वाटीत टाकलं आणि बोटाने ढवळलं.

"लिवलं नाय म्हून घातलं नाय," त्या म्हणाल्या. "मंग लिवलेलं सगलं घालंल. जाव दे त्याला."

दादा गेले. जाताना सामानात वही होती, चौदाव्या पानावर मी मोठ्या अक्षरात मीठ लिहून दिलं होतं. मध्यंतरी आई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तो आता वही न बघता रांधतो. हे ऐकून आनंद झाला आणि उगीचच थोडं वाईटही वाटलं. त्या पाच मिठाच्या बरण्यांपैकी एक माझ्या घरी शेगडीपाशी आहे.

परवा नव्या घरच्या बाईंनी सहज विचारलं, आधीच्या घरचे ते गृहस्थ कसे होते हो? मी म्हणणार होते, होते आपले नेहमीसारखेच. शब्द ओठांवर आला आणि अडकला. शोधायला गेल्या तर त्यांना ते कुठल्या पानावर सापडणार? म्हणून घरी येऊन नवी वही घेतली आणि पहिल्या चहापासून सगळं लिहून काढलं. मीठ राहिलं नाही ना, ते दोनदा पाहिलं.