पुस्तिकेच्या बदल्यात मौनाची सही

सज्जनहो, आज दुपारी परभणीत जे घडले त्याची किळस अजून जात नाही, म्हणून संगणकावरच्या या चर्चाफलकावर लिहितो आहे.

माझी सून सुनंदा संगणक शिकवते. चारठाण्याच्या आमच्या घरच्या पोथ्या देवनागरीत छापता याव्यात म्हणून ती प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचे म्हणणे प्रिंटरला कळवणारा प्रोग्राम, लिहिते आहे. तो कुणीही पाहावा, सुधारावा, वापरावा, हा तिचा संकल्प. काम अडले होते ते प्रिंटरच्या आज्ञांच्या, म्हणजे कोणत्या आकड्याला तो काय करतो हे सांगणाऱ्या, पुस्तिकेवाचून.

आज प्रिंटरच्या कंपनीचा प्रतिनिधी ती घेऊन आला. नकलेसाठी पोथी देणाऱ्याला आम्ही नारळ देतो, तसा त्यालाही दिला. त्याने नारळ पिशवीत कोंबला आणि एक कागद काढला. पुस्तिका मिळेल, पण ड्रायव्हर कुणालाही दाखवायचा नाही!

"काका, सही करायला सांगा की सूनबाईला. तुमच्या पोथ्या छापल्या म्हंजे झालं. जगाची लय काळजी कशाला?"

विद्येला कुलूप घालणारा तो इसम मला ओंगळ वाटला. परंतु वाळवीने खाल्लेली पाने डोळ्यांपुढे आली, आणि लेखणी सुनेपुढे मीच धरली.

"मामंजी, तुमच्या गुरुजींनी अशा अटीवर पोथी दिली असती तर तुम्ही घेतली असती?" एवढे बोलून तिने कागद परत केला.

पुस्तिका गेली. आता एकेक आकडा प्रिंटरला पाठवून तो काय करतो ते टिपत बसायचे. तोवर पोथ्या टिकतील की नाही, ठाऊक नाही.

जन्मभर विद्यादानावर प्रवचने केली. सांगा, मला अधिक किळस कुणाची यावी?