धुक्यातली हाक

मार्गासनीहून वर चढत गेलं की डोंगराच्या सोंडेवर आमची वाडी लागायची. भोरला तेव्हा संस्थानी अंमल होता आणि आमचे गुरुजी तिथून आले होते. शाळा देवळात भरायची. मुलींमध्ये मी एकटीच.

गुरुजींना व्याकरणाचं वेड होतं. आमच्या हितं-तितंला ते कधी हसले नाहीत. म्हणायचे, "हाय म्हणा की आहे म्हणा, घरची बोली घरची. पण बोलणारा बाप्या आहे की बाई, हे क्रियापदातून कळलंच पाहिजे." मग आमच्याकडून रूपं घोकून घ्यायचे. तो आला, ती आली. मी आलो, मी आले. माझ्या वडलांना हे सगळं फुकटचं वाटे. "पोरगी जल्मापास्नं 'आले'च म्हनती. त्यात शिकवायचं काय?"

एका श्रावणात आई मार्गासनीला मावशीकडे गेली होती. ती परतायच्या वेळेला मी सोंडेच्या टोकाकडे तिला सामोरी निघाले. ऊन पडलं होतं. बघता बघता दरीतून धुकं वर आलं आणि पायाखालची वाटसुद्धा दिसेना. पाखरं गप्प झाली. गवतातली किरकिर थांबली.

तेवढ्यात समोरून आईची हाक आली.

"बाय, मी आलो गं. म्होरं ये."

आवाज आईचाच. मला 'बाय' तीच म्हणायची. जिवात जीव आला आणि मी आवाजाच्या रोखानं चालू लागले. पुन्हा हाक आली. "बाय, मी आलो गं. म्होरं ये." तोच सूर, आणि मधला श्वासही तिथंच घेतलेला. माझं पाऊल अडलं.

भीती नंतर वाटली. आधी ती चूक कानाला टोचली. मी ओरडले, "आये, आलो काय म्हनतीस? आले म्हन की!"

मग अगदी कानाशी बोलावं तसं ऐकू आलं, "बाय, मी आलो गं. म्होरं ये."

मी मटकन खाली बसले आणि दोन्ही मुठींत गवत धरलं. किती वेळ गेला कोण जाणे. धुकं विरलं तेव्हा माझ्यापुढं हातभर गवत होतं, आणि त्यापुढं कडा. खाली धनगरांची मेंढरं ठिपक्यांएवढी दिसत होती.

"हितं काय करतीस गं?" आवाजामागं जाताना मी सोडलेल्या वाटेवरून, पाठीमागून आई आली. डोक्यावर पाटी, चढणीनं दम लागलेला. तिनं हाक मारलीच नव्हती. मी तिचा हात चाचपून पाहिला, तेव्हा कुठं रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतः मला देवळात घेऊन आले. गुरुजी म्हणाले, "जसंच्या तसं सांग. एक शब्दही सुधारू नकोस."

मी सांगितलं. पायरीवर धनगरांचा एक म्हातारा बसला होता. तो हळूच म्हणाला, "आमची थोरली सून त्याच टोकावरनं गेली. दाल्ल्यानं, माज्या ल्योकानं, हाक मारली म्हनून धावली. संगं नात हुती, तिनं ऐकलं."

"काय ऐकलं?" गुरुजींनी विचारलं.

"मी आले, म्हनला. आवाज बाप्याचा, बोलनं बाईचं. तवा आमी कुनी ध्यान दिलं न्हाई."

त्यानंतर वडील शाळेला कधी नावं ठेवीनात. वाडीतल्या बायाही शाळेतल्या मुलांप्रमाणे गुरुजींना रूपं विचारून घेत. धुक्यात हाक आली की आधी पुढचं बोलणं नीट ऐकायचं, मगच ओ द्यायची, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

दोनेक वर्षांनी त्या म्हाताऱ्याची नात धापा टाकत देवळात आली. टोकाजवळ धुक्यात तिला धाकट्या बहिणीची हाक ऐकू आली होती. "अक्के, मी आले गं." एकही चूक नव्हती. पण धाकटी तिचा हात धरून शेजारीच उभी होती.

"आपलं घोकणं तिथवर ऐकू जात असावं," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी आम्हाला घोकणं बंद करून पाट्यांवर लिहायला लावलं.

पुढच्या पावसाळ्याआधी धनगरांनी आपला मेंढरांचा वाडा पलीकडच्या उतारावर हलवला. आम्हीही ती वाट सोडून ओढ्याकडून ये-जा करू लागलो. लांबचा फेरा पडायचा. आई पुढं चालायची आणि मी, चांगली मोठी झाले तरी, तिचा पदर धरून मागं.