फक्कीच्या भिंती

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि बाबांची मुखेडहून तिथल्या एका नव्या कार्यालयात कारकून म्हणून बदली झाली होती. माय, बाबा आणि आम्ही तिघी बहिणी दोन वर्षं भाड्याच्या एका खोलीत राहिलो. मग शहराबाहेर बाबांनी प्लॉट घेतला आणि नेमका त्याच साली पाऊस फिरकला नाही.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, प्यायला पानी न्हाई, सिमेंट कशात कालवायचं? पुढच्या साली बघू."

बाबा मान डोलवणारच होते, तेवढ्यात माय म्हणाली, "पाया खणायला पाणी लागतं का?"

"न्हाई लागत, भाभी."

"मग खणा की!"

मुहूर्त बघायची आमच्यात रीत नव्हती. बाबांना रविवारी सुट्टी, म्हणून रविवार ठरला. सकाळी त्या उघड्या रानात आम्ही ओळीनं उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मिस्त्री हात बांधून बाजूला थांबले. मग त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि दोरीखाली चुन्याची फक्की सोडत चालले. काळ्या भेगाळलेल्या जमिनीवर पांढरं घर उमटायला लागलं. शेवटच्या खोलीपाशी फक्की संपली, तर मायनं चहासाठी तिथंच मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीतली राख आणली. स्वयंपाकघर राखेचं झालं.

तिथून आम्हाला कोण आवरणार! धाकटीनं लगेच एक कोपरा धरला आणि माझ्या खोलीत कुणी यायचं नाही म्हणून बजावलं. मी खिडकीच्या जागी उभी राहून बाहेर बघत राहिले, म्हणजे चारही बाजूंना दिसत होतं तेच बघत होते. बाबा विसरून भिंतीवरून चालत गेले तेव्हा तिघी एकदम ओरडलो, "दारातून!" बिचारे मागं फिरले आणि चप्पल बाहेर काढून आत आले.

दुपारी मुखेडच्या एसटीनं आजोबा आले, मायचे वडील. त्यांची सारी हयात कुडाच्या घरात गेलेली. माय त्यांना हाताला धरून दाराशी घेऊन गेली. सवयीनं ते कमरेत वाकले आणि फक्कीच्या दोन रेघांमधून आत शिरले.

"आबा, इथं वाकायचं न्हाई," माय म्हणाली. "सात फुटी दार हाय."

आजोबांनी वर पाहिलं. वर नुसतं आभाळ. ते परत बाहेर गेले आणि ताठ मानेनं आत आले. मग पुन्हा बाहेर. चौथ्या खेपेला त्यांनी फेटा काढून पुन्हा नीट बांधला आणि पाहुण्यासारखे खाकरत आले. मायला हसता हसता खाली बसावं लागलं, आणि आजोबा म्हणाले, "बसून काय राहिलीस, चहा ठेव की!"

मिस्त्री जेवायला गेले होते तेव्हा वावटळ आली. पाचोळा गरगरत प्लॉटवरून गेला आणि आमच्या अर्ध्या भिंती घेऊन गेला. राखेचं स्वयंपाकघर तर सगळंच उडालं. आम्ही तिघी डोळ्यांतली माती चोळत "घर पळालं, घर पळालं" करत मागं धावत सुटलो. परत आलो तर माय दगडानं खुंटी ठोकत होती. दुसऱ्याच जागी.

मिस्त्री आले. टेप लावला, पुन्हा लावला.

"साहेब, स्वैपाकघर आठ फुटाचं होतं. दहा कसं झालं?"

"वावटळीनं सरकवल्या असतील खुंट्या," माय म्हणाली.

बाबांनी हातातला नकाशा पाहिला. दोन फूट त्यांच्या पुढच्या ओसरीतून गेले होते, जिथं ते खुर्ची टाकून पेपर वाचणार होते. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "लई जोराची होती वावटळ," ते मिस्त्रींना म्हणाले.

पहिली कुदळ बाबांनी मारायची असं ठरलं होतं. त्यांनी ती मायच्या हातात दिली. जमीन इतकी वाळली होती की कुदळ टणकन उडाली. मायनं पदर खोचला आणि पुन्हा घाव घातला. तिसऱ्या घावाला भाकरीएवढं एक ढेकूळ निघालं. आजोबांनी ते उचललं, जडपणा बघितला आणि आमच्याकडं देत म्हणाले, "धरा पोरींनो, जपून."

मुरूम लागेपर्यंत आठ दिवस खणणं चाललं. रोज संध्याकाळी आम्ही पायाच्या चरात उतरायचो आणि मुंडकी वर काढून एकमेकींना हाका मारायचो.