हात लावायच्या जागेचा राखणदार

आमच्या ह्यांना लोकांनी आयुष्यभर पुष्कळ नावं ठेवली, पण कामात कसूर केली असं कुणी म्हणायची सोय नाही. सगळा घोळ त्यातूनच झाला.

शेणवे गावाच्या अलीकडे आमची भातगिरणी होती. घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, गिरणी बसली, मशीन भंगारात गेलं आणि हे ओट्यावर बसले. बसले म्हणजे बसलेच. समोरच्या फणसाकडे बघत चहा प्यायचे, आणि चहा संपला की नुसतंच फणसाकडे बघायचे. जेवलात का विचारलं तर "हं", झोपलात का विचारलं तरी "हं". मी बोलून बोलून थकले. आतून माझा जीव तुटायचा, पण ते दाखवून काय करता?

मग मुरबाडची सून घरात आली. चित्रकलेचं शिकलेली. तिनं त्या रिकाम्या गिरणीत लहान पोरांसाठी कलेचं संग्रहालय काढलं. संग्रहालय म्हटल्यावर मला वाटलं, काचेच्या पेटीतली गंजकी तलवार. पण इथं काचही नाही नि कुलूपही नाही. जे आहे ते हात लावण्यासाठीच. तुसाचा गालिचा पसरलेला, त्यात बोटानं रेघोट्या ओढायच्या. नदीकाठची चिकणमाती, बांबूच्या कामट्या. एक अख्खी भिंत शेणानं सारवलेली आणि तिच्या पायाशी गेरूची परात. सारवण माझं, गेरू कालवणं माझं, पोरांचा गूळ-कुरमुऱ्यांचा खाऊ माझा आणि संध्याकाळी दुखणारी कंबरही माझीच. तक्रार नाही हो, फक्त सांगून ठेवते.

दाराशी कुणीतरी हवं म्हणून सुनेनं सासऱ्यांना खुर्ची दिली. अहो, माणूसच पालटला! सकाळी उठून दाढी, धुतलेला सदरा, खांद्यावर टॉवेल, आणि पोरं यायच्या कितीतरी आधी स्वारी दारात हजर. फणस बिचारा एकटा पडला.

पहिल्याच दिवशी अंगणवाडीतल्या एका पोरानं मातीकडे हात नेला आणि दारातून गर्जना झाली, "ए! हात नको लावू!"

पोरगं जागच्या जागी थिजलं. सून धावली, "अहो बाबा, लावू द्या, त्यासाठीच आहे ते." "हां हां," हे म्हणाले, आणि पुढच्या पोराला पुन्हा तेच. त्यांचा तरी काय दोष? गिरणीतला चालू पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावायला गेले आणि उजव्या हाताची करंगळी नि तिच्या शेजारचं बोट गेलं, तेव्हापासून ह्यांच्या तोंडी हे एकच वाक्य. आयांबरोबर भात भरडायला आलेल्या सगळ्या पोरांनी ते ऐकलंय. आता तीच पोरं बाप होऊन आपली पोरं घेऊन यायची आणि ह्यांचा आवाज ऐकला की ते मिशावाले बापेही हात मागे घ्यायचे!

तो हात मात्र हे कुणाला दाखवायचे नाहीत. सदानकदा टॉवेलाखाली. आमच्या घरची रीत अशी, की नवं भात आलं की घरधन्यानं पिठात हात बुडवून कणगीवर थापा मारायचा. बोटं गेल्यावर ह्यांनी परात माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "अर्धा थापा कशाला? तूच मार."

पुढे वैशाखरे गावाकडची बालवाडी टेम्पो करून आली. पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली, खाऊ खाऊन परत गेली. जाताना बाई सुनेला म्हणाल्या, "छान आहे हो, पण आमची मुलं घाबरली. पुन्हा आणायचं जरा अवघडच."

संध्याकाळी सून चुलीशी येऊन बसली. "आई, असंच चाललं तर कुणीच येणार नाही. बाबांना घरी बसा म्हणून तुम्ही सांगाल का?"

घरी बसा म्हणजे पुन्हा तो ओटा, तो फणस आणि ते "हं". "चार दिवस थांब गो," एवढंच म्हणाले. चार दिवसांत मी काय दिवे लावणार होते, देव जाणे.

त्यातच तानशाकडच्या पाड्यावरची पोरं आली. एक एवढीशी चिमुरडी तडक गेरूच्या परातीकडे निघाली. "ए! हात नको लावू!" म्हणत हे उठले, आणि गडबडीत टॉवेल खाली पडला.

पोर घाबरली नाही. हाताकडे बघून म्हणाली, "आजा, तुजी बोटां कुठं गेली?"

सुनेचा चेहरा पडला. मी तर डोळेच मिटले. एवढ्या वर्षांत हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मशीननी खाल्ली," हे म्हणाले.

"का?"

"हात लावला म्हणून."

तिनं सगळी गिरणी नजरेखालून घातली. "कुठं हाय मशीन?"

"आता नाय. इकली."

"मंग?"

ह्यांनी जमिनीकडे पाहिलं. मशीनचे बोल्ट अजून तिथं वर आलेले आहेत. मग खुर्चीत बसत म्हणाले, "मंग लाव."

तिनं हात गेरूत बुडवला. भिंतीपाशी जाऊन पुन्हा एकदा ह्यांच्या हाताकडे नीट पाहिलं, करंगळी आणि शेजारचं बोट तळव्यात दुमडलं आणि थापा मारला. तीन बोटांचा. मागची पोरं काय कमी! त्यांनीही बोटं दुमडली. बघता बघता भिंतभर ह्यांचाच हात, लहान लहान. मला रडू आवरेना. हे मात्र "अरे, सरळ मारा रे, सरळ!" म्हणून ओरडत होते, आणि टॉवेल खालीच पडलेला होता.

सून पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

त्या वर्षी नवं भात आलं. दर वर्षीसारखं मी पीठ कालवलं आणि कणगीकडे वळले, तर हे म्हणाले, "हो बाजूला." हात बुडवला नि मारला थापा. पांढराशुभ्र, तीन बोटांचा. मी बघतच राहिले. न राहवून त्याच्याकडे हात नेला, तेवढ्यात मागून आवाज आला,

"ए! ओलं हाय अजून. हात नको लावू!"