आवासातले जेठ

दोंडाईचा स्टेशनवर बाकडं रिकामं होतं, तरी सासूबाई गाडी येईपर्यंत उभ्याच राहिल्या. एका हातात माझ्या मुलीचं बोट, दुसऱ्या हातात ज्वारीच्या बिबड्यांची पिशवी, आणि तोंडानं सूचना चाललेल्या. दादर ज्वारीचं पीठ आधी संपव, त्याला कीड लागते. डाइंग मिलमधून नवरा आला की त्याचे कपडे वेगळे भिजव. पोरीला गुजराती शाळेत घातलंस तरी घरात आपलीच बोली बोल. त्यांचा एकुलता एक मुलगा आधीच सुरतेला जाऊन राहिला होता, आणि आता सून आणि नातही चालली होती. गाडी दिसू लागली तशी त्यांनी मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "भाडानं घर म्हंजे दुसराना वसरीमा बठनं. पाय आवरीसन ऱ्हाजो, माय."

गाडी हलली तेव्हा मुलगी रडली. मला रडू आलं नाही. मला सुरत कशी असेल याचीच उत्सुकता होती, आणि ती माझ्या तोंडावर दिसली असणार, कारण सासूबाई पुढं बरेच दिवस फोनवर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

सुरवातीला आम्ही लिंबायतला राहिलो. खाली लूमचा कारखाना, वर आमची खोली. लूम चालू असली की फळीवरची भांडी हळूहळू कडेला सरकायची, आणि स्वयंपाक करता करता ती मागं ढकलायची सवय माझ्या हाताला लागली. गल्लीत निम्मं खानदेश भेटायचं. शिरपूर, पारोळा, नंदुरबार, साक्री, कुणी ना कुणी ओळखीचं निघायचंच. मग नवऱ्याला पलसाण्याच्या बाजूच्या मिलमध्ये काम मिळालं आणि लिंबायत लांब पडू लागलं. रोज दोन रिक्षा बदलून तो घरी यायचा आणि ताटावरच पेंगायचा. तेव्हा कुणीतरी सांगितलं, शहराच्या त्या कडेला आवास आहे, तिथं घर बघा.

गावाकडच्या बायांनो, आवास म्हणजे काय ते आधी सांगते. खाडीच्या काठावरच्या झोपड्या उठवल्या की त्या लोकांना सरकार पक्की घरं देतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, आत संडास, नळ, छोटी गॅलरी. घर खरोखर चांगलं असतं. पण जागा शहरात मिळत नाही म्हणून ते शहराच्या कडेला बांधतात, आणि माणसाचं काम मात्र जिथं होतं तिथंच राहतं. आप्पांचं असंच झालं. आप्पा म्हणजे आमच्या घराचे मालक. भुसावळकडचे, लिंबायतला लूमवर काम करत आयुष्य गेलेलं. खाडीकाठच्या झोपडीतून ते चालत कामावर जायचे. आवास मिळाल्यावर बारा तासांची पाळी आणि वर जाण्यायेण्याचा वेळ, असं काही महिने त्यांनी रेटलं. बायको वारली, तेव्हा ते लिंबायतला मुलाच्या खोलीत राहायला गेले आणि आवासाला कुलूप लागलं.

आता गंमत बघा. नियम असा की ज्याला आवास मिळालं त्यानंच तिथं राहायचं. ठरलेली वर्षं पुरी होईपर्यंत विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. दिलेलं सापडलं तर घराला सील. भाडूत रस्त्यावर, मालकाचंही घर जातं. मी या नियमावर खूप विचार केला आहे, कारण मुलगी शाळेत गेली की मला विचार करायला वेळ असायचा. करणाऱ्यानं तो वाईट बुद्धीनं केला असं मला वाटत नाही. गरिबाला घर द्यावं आणि त्यानं ते दुसऱ्याला देऊन परत खाडीवर झोपडी टाकावी, असं घडतच होतं. पण ज्याला घर दिलं त्याचं काम लिंबायतला, आणि ज्याचं काम इथं त्याला घर नाही, ही अदलाबदल कुणीतरी करणारच होतं. ती लोकांनीच करून टाकली. आमच्या जिन्यावर खरे मालक फार थोडे उरले होते. बाकी सगळे कुणाच्या ना कुणाच्या घरात राहात होते, आणि विचारलं तर सगळे नातेवाईक होते.

म्हणून आवासात घर बघायला गेलं की आधी नातं ठरतं आणि मग बाकीचं. मालक भाडुताचं बोलणं ऐकतो, आडनाव विचारतो, तोंडावळा बघतो. खानदेशी मालकाला ओडिया भाडूत चालत नाही, कारण ओडिया माणूस त्याचा भाचा कसा दिसणार? त्यामुळं एका इमारतीत सगळे ओडिया, दुसरीत युपीवाले, आमच्या इमारतीत खानदेश. बाहेरचा माणूस म्हणेल, ही माणसं आपल्याच लोकांत राहतात, दुसऱ्यांत मिसळत नाहीत. नियमानं आम्हाला असं वेगळं वेगळं रचलं हे त्याला कसं कळावं? आणखी एक. आमच्याकडं पाण्याचा पंप बिघडला की दुरुस्त व्हायला युग लागायचं. तक्रार करायला ऑफिसात गेलं तर पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर? म्हणून कुणी जायचंच नाही. बादल्या घेऊन आम्ही खालून पाणी आणायचो आणि गप्प बसायचो.

आप्पांनी आम्हाला निवडलं ते आडनावावरून. ते मोरे, आम्ही मोरे. तपासायला येणाऱ्या गुजराती साहेबाला तेवढं पुरे होतं. पण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की आम्ही मराठा मोरे आणि ते बौद्ध मोरे. भिंतीवर त्यांची बुद्धाची तसबीर तशीच होती. ती काढू का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं. माझा नवरा म्हणाला, राहू द्या, आणि आमची सप्तशृंगी समोरच्या कोपऱ्यात बसवली. खाली उतरताना मी त्याला जातीचं काढलं, तेव्हा तो म्हणाला, "नातंच खोटं शे, तर जात कसाले मोजनी?" त्याच्या या उत्तरावर मी पुष्कळ दिवस हसत होते.

आप्पा वयानं मोठे, म्हणून ते माझे जेठ झाले. आमच्याकडं नवऱ्याच्या थोरल्या भावाला जेठ म्हणतात. त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्या बरोबरीनं खाटेवर बसायचं नाही, त्याचं नाव तोंडात आणायचं नाही. माझा नवरा एकुलता, त्यामुळं हे सगळं मी चुलत जावांच्या घरी बघितलेलं, स्वतः कधी केलेलं नव्हतं. पहिल्यांदा आप्पा आले तेव्हा मी पदर घेतला तो नाटकाची तालीम म्हणून. शेजारीण दारातून बघून खुसुखुसू हसत होती. पण आप्पांनी ते नाटक फार मनावर घेतलं. पुढच्या वेळेपासून ते जिन्यातच खाकरायचे, घरात बाई आहे, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आत आले की खाली मान घालून बसायचे, माझ्याकडं न बघता मुलीमार्फत पाणी मागायचे. मुलगी त्यांना शाळेतल्या मैत्रिणींसारखं 'मोटा पप्पा', म्हणजे थोरले काका, म्हणू लागली. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की ते खाकरले की माझा हात आपोआप पदराकडं जातो.

चेकिंग येणार अशी कुजबूज असायचीच. त्यासाठी नवऱ्यानं माझ्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. घर कुणाचं? जेठांचं. नाव काय? मग आप्पांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी ते नुसतं ऐकून मान डोलवायची आणि म्हणायची, येतं मला, पुढचं विचारा.

एके दिवशी सकाळी ते आलेच. एक तरुण साहेब, हातात कुलपं आणि सीलचे कागद घेतलेला एक वयस्कर कर्मचारी, आणि दोन गार्ड. आमच्या खालच्या मजल्यावर बायकोनं मालकाला मामा सांगितलं आणि नवरा फोनवर काका म्हणाला. त्यांना शेगडी, अंथरुणं आणि पोरांची दप्तरं बाहेर काढू दिली आणि दाराला सील लागलं. ती बाई जिन्यात भांड्यांच्या मध्ये बसून राहिली होती. तिच्या अंगावरून ते वर चढले आणि आमच्या दारात उभे राहिले. नवरा मिलमध्ये, मुलगी शाळेत. मी एकटी.

"मकान किसका है?" साहेबांनी विचारलं.

"मेरे जेठ का."

"नाम?"

मी तोंड उघडलं. नाव मला पाठ होतं, दारावरच्या पाटीवर ते मी रोज वाचत होते. पण जीभ वळेना. खाली बसलेली बाई डोळ्यांपुढं येत होती, आज संध्याकाळी पोरीला कुठं झोपवू हे डोक्यात घुमत होतं, आणि तरी ते नाव माझ्या तोंडातून बाहेर पडेना. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. मी खाली बघत राहिले. त्यांनी कर्मचाऱ्याकडं कुलपासाठी हात पुढं केला.

तो म्हातारा कर्मचारी मात्र माझ्याकडं बघत होता. तो म्हणाला, "साहेब, बैरां जेठनुं नाम नथी लेतां. अमारे गाममां पण एवुं ज छे." बायका जेठाचं नाव घेत नाहीत, हे साहेबांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाले, तर मग बोलवा त्या जेठांना.

शेजारणीनं फोन लावला. आप्पा लूम बंद करून रिक्षानं आले, केसांत धाग्याचे तंतू तसेच. साहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. जिन्यात खाकरण्याचा आवाज आला आणि मी पदर ओढून स्वयंपाकघराच्या आड झाले. त्यात काही दाखवायचा विचार नव्हता, तेवढी शुद्धच मला नव्हती. साहेबांनी ते बघितलं. आप्पांना विचारलं, ये कौन लगती है? आप्पा म्हणाले, "छोटे भाई की घरवाली." साहेबांनी ओळखपत्रांवर त्यांचं आणि आमचं आडनाव वाचलं आणि उठले. कुलूप खाली गेलं ते पुढच्या इमारतीसाठी.

मी चहा टाकला. निम्मी साखर ओट्यावर सांडली. आप्पांनी मुलीमार्फत नाही, पहिल्यांदाच सरळ मला विचारलं, "नाव का नही लिधं? घर जातं ना."

आडूनच मी म्हणाले, "जीभच नही वळनी, आप्पा."

आप्पांनी चहाचा घोट घेतला. मग कपाकडं बघत म्हणाले, "मना गावमा मनं नाव बठ्ठा घेत. धाकला पोऱ्या बी एकेरी हाक मारे, मनी दाढी पांढरी व्हयनी तरी. आज पयल्यांदा कोनी तरी मनं नाव लिधं नही." एवढं बोलून ते उठले आणि पाळी बुडते म्हणून निघून गेले. मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. दोंडाईच्याला राहिलेलं रडणंही त्यात असावं.

आता ऐकते की सरकार रिकामी आवासं स्वतःच भाड्यानं द्यायला लागलं आहे. आप्पांची ठरलेली वर्षंही संपत आली. मग आम्हाला रीतसर भाडेकरार करता येईल, पोलिसांत नोंद होईल, पंपासाठी मी ताठ मानेनं ऑफिसात जाईन. करारात ते मालक आणि आम्ही भाडूत असू. खोटं बोलायची गरज संपेल, याचा मला आनंद आहे. पण त्यानंतर आप्पा जिन्यात खाकरतील की दार वाजवतील, याचं मला भारी कुतूहल आहे. गावाकडचं घर माझं आहे, सातबाऱ्यापासून चुलीपर्यंत. हे घर माझं नाही. तरीही कुणी घर म्हटलं की हल्ली मला हेच आठवतं, कारण कुणाचा तरी मान मी इथं स्वतः होऊन ठेवला. गावी थोरामोठ्यांचा नुसता पाळत आले होते.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. आमच्याकडं येऊन गेलेल्या कुणीतरी त्यांना भिंतीवरच्या तसबिरीचं आणि जेठांचं सांगितलं होतं.

"माले एकच आंडोर शे, एकुलता पोऱ्या," त्या म्हणाल्या. "तुले जेठ कथाईन उना?"

मी सगळं सांगितलं. चेकिंगचं, खालच्या बाईचं, आप्पांचं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग ज्याची मी वाट बघत होते तेच विचारलं, "त्यासना घरनं पानी पितस का तुम्ही?"

"बाई, आम्ही त्यासनाच घरमा ऱ्हातस. नळ बी त्यासनाच शे."

फोन कटला असं वाटून मी तो कानापासून दूर धरून बघितला. चालू होता. मग सासूबाईंचा आवाज आला, जरा मऊ.

"नाव काय शे त्यानं?"

घरात मी एकटीच होते. तरी मी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाले, "ते तुमना आंडोरले इचारा, बाई."